सांगून आणि विचारून

आमच्या घराच्या कडेने एक बोळ जातो. रुंदी सहा फूट, लांबी सत्तरच्या आसपास. मागच्या शेडमध्ये अप्पांचे आठ यंत्रमाग होते. हातगाडीवरून सुताचे बीम या बोळातून आत यायचे आणि विणलेले तागे याच बोळातून बाहेर पडायचे. भिवंडीत आठ मागांवर कुणी शेठ होत नाही, पण घर चालतं. २००३ साली शेजारच्या काकांनी बोळाच्या तोंडाशी लोखंडी गेट बसवायला घेतलं आणि अप्पांनी दिवाणी दावा लावला. २०११ साली तो फेटाळला गेला. मग ठाण्याला अपील, त्यानंतर मुंबईला दुसरं अपील. सगळं आटोपलं तेव्हा २०१९ साल होतं.

मी शाळेत मराठी शिकवायचो. कायद्याशी माझा संबंध म्हणजे निबंधाला कधीमधी ‘न्याय’ हा विषय यायचा, तेवढाच. आता मात्र गल्लीत कुणाच्या हाती कोर्टाचा निकाल पडला की तो माणूस आधी माझ्याकडे येतो. “सर, अपिलाचं कसं असतं हो?” मी वकील नाही, त्यामुळे शेवटी त्याला वकिलाकडेच पाठवतो. पण चहा होईपर्यंत माझी जी बडबड चालते, ती ही अशी. ज्याची फाइल त्याची, ज्याचा शेजारी त्याचा. यातलं आपल्या कामाचं काय ते ज्याने त्याने बघावं.

१. अपिलात आपलं म्हणणं कुणीतरी नव्याने ऐकून घेईल, ही माझी पहिली समजूत होती आणि पहिली तीच गेली. मी वहीत सोळा पानं लिहून नेली होती. काकांच्या मुलीच्या लग्नात आमच्या शेडमध्ये पंगत बसली होती इथपासून सुरुवात. ठाण्याच्या वकील मॅडमनी वही बंद केली आणि म्हणाल्या, “सर, हे साहेबांना ऐकवायचं नसतं. खालच्या निकालात कुठल्या पानावर काय चुकलंय ते सांगा.” मी गप्प. कारण मी निकालाचा फक्त शेवटचा परिच्छेद वाचला होता. मुलं प्रगतिपुस्तकात उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढंच बघतात तसा. पहिल्या अपिलात घटना आणि कायदा दोन्ही उघडे असतात, पुरावा पुन्हा तोलला जातो, न्यायाधीशांना मुद्दे काढून प्रत्येकाची कारणं लिहावी लागतात. पण तोलायचं ते खालच्या फाइलीत आहे तेवढंच. साक्षीदार पुन्हा उभे राहत नाहीत, त्यांची कागदावरची वाक्यं उभी राहतात. परीक्षा आमची नव्हती, निकालपत्राची होती, आणि ते निकालपत्र मी वाचलेलंच नव्हतं.

२. तीस दिवस म्हणजे किती दिवस, हे मी शाळेतल्या गणिताच्या सरांना विचारायला हवं होतं. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद. निकालाची नक्कल मिळवण्यात जातो तो वेळ यातून वगळतात. मी कुठेतरी ऐकलं होतं, ‘नक्कल मिळाल्यापासून तीस दिवस’. म्हणून निश्चिंतपणे चोविसाव्या दिवशी नकलेचा अर्ज केला. ते चोवीस दिवस तर खर्ची पडलेच होते. नक्कल तयार झाली तेव्हा शाळेत परीक्षा होत्या, ती आणायला मी आठ दिवसांनी गेलो. घड्याळ तिथेही चालूच होतं. मग अपील लिहिण्यात नऊ दिवस. एकूण अकरा दिवस उशीर. विलंबमाफीच्या अर्जाला जोडायला मी डॉक्टरांचा दाखला आणू का म्हटलं, तर मॅडमनी असं पाहिलं की मी चष्मा पुसायला लागलो. खरं तेच लिहिलं : मुदतीबद्दल गैरसमज. प्रतिज्ञापत्रावर सही अप्पांची, गैरसमज माझा. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये अनंतनागच्या भूसंपादनाच्या एका प्रकरणात सांगून ठेवलं आहे की उशिराकडे जरा उदारपणे बघावं, मुद्दाम उशिरा येऊन कुणाचा फायदा होत नसतो. आम्हाला पाचशे रुपये खर्च भरायला लावून उशीर माफ झाला. उदारपणाचा भरवसा मात्र धरू नये. पाचशे रुपयांत मला झोप न आलेल्या चार महिन्यांचा हिशेब नाही.

३. हरलेल्या दाव्याची कोर्ट फी पुन्हा भरावी लागते, हे ऐकून अप्पा म्हणाले, “म्हणजे नापास झालो तरी परत फी?” मी मास्तर असल्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मलाच द्यावं लागलं. पेशवाईत निवाडा झाल्यावर जिंकणारा सरकारात ‘हरकी’ भरायचा आणि हरणारा ‘गुन्हेगारी’. हल्ली आधी भरा, मग कळेल, एवढाच फरक. गंमत अशी की महाराष्ट्रात १९९४ पासून मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. शेड आईच्या नावावर असती तर? हे मी घरी बोलून दाखवलं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, “घेताना मी तेच म्हणत होते.” आणखी एक गोष्ट फार उशिरा कळली. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, औद्योगिक कामगार यांना त्यांचं उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळू शकतो, तोही अपिलासाठीसुद्धा. मागावर उभ्या राहणाऱ्या आमच्या गावात ही गोष्ट पानाच्या टपऱ्यांवर लिहून ठेवायला हवी.

४. अपील दाखल केलं की खालचा निकाल आपोआप थांबतो, असं आमच्या गल्लीत सगळेच धरून चालतात. थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि ती का द्यावी हे पटवावं लागतं. आमचं तर त्याहून अवघड. आमचा दावाच फेटाळला गेला होता. मी मॅडमना म्हटलं, “निकालाला स्थगिती घेऊ या.” त्या म्हणाल्या, “फेटाळलेल्या दाव्याला स्थगिती देऊन मिळणार काय? ‘नाही’ थांबवलं म्हणून त्याचं ‘हो’ होत नाही.” दावा चालू असताना असलेला तात्पुरता मनाई हुकूम दाव्याबरोबरच गेला होता. अपिलात तो नव्याने मागायला हवा होता आणि आम्ही अकरा दिवस उशिराच्या भानगडीत अडकलेलो. तेवढ्यात काकांनी गेट बसवून कुलूप लावलं. बीम पुढच्या दाराने, घराच्या ओटीवरून, आईच्या तुळशीला वळसा घालून आत जाऊ लागले. एक बीम जिन्याला घासला त्याचा ओरखडा अजून आहे. अपिलाचा पहिला परिणाम मी दाखवतो तो हाच.

५. अपील म्हणजे दार उघडणं, आणि उघड्या दारातून समोरचाही आत येतो. खालच्या निकालात एक मुद्दा आमच्या बाजूने गेला होता : बोळ अस्तित्वात आहे आणि तो जुना आहे. बाकी सगळं विरुद्ध. काका जिंकले असल्यामुळे त्यांना अपील करायचं कारण नव्हतं. पण आमच्या अपिलाची नोटीस हाती पडल्यापासून महिन्याच्या आत त्यांनी प्रतिआक्षेप दाखल केले, की बोळ हा बोळच नाही, ते आमचं अंगण आहे. मला वाटलं होतं, हरलेल्याकडे गमावण्यासारखं काही उरत नाही. उरतं. “मग अपील मागे घेऊ या का?” असं घाबरून विचारलं, तेव्हा कळलं की अपील मागे घेतलं तरी प्रतिआक्षेप चालू राहू शकतात. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी खिडकीकडची जागा एका बाईंना दिली. बाहेर बघण्यासारखं काही आहे असं वाटेना.

६. घरातल्या ट्रंकेत सापडलेला पुरावा हा नवा पुरावा नसतो. २०१२च्या दिवाळीत माळा साफ करताना अप्पांची जुनी पत्र्याची ट्रंक निघाली. आत १९७८-७९च्या सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्याच्या, पावत्या, हातगाडीवाल्याच्या हिशेबाची वही, त्यात ‘बोळातून चार बीम’ अशी नोंद. मी अर्ध्या रात्री मॅडमना फोन केला. खजिनाच सापडला होता! अपिलात जादा पुरावा घेता येतो, पण त्याला चाळणी बारीक आहे : खालच्या कोर्टाने तो घ्यायला नकार दिलेला असावा, किंवा पुरेशी धडपड करूनही तो आधी हाती येऊ शकला नसावा, किंवा निकाल देण्यासाठी कोर्टालाच त्याची गरज वाटावी. समोरच्या वकिलांनी एकच प्रश्न केला, “ट्रंक कुठे होती?” आमच्याच माळ्यावर. आठ वर्षं दावा चालू असताना माझ्या डोक्यापासून चार फुटांवर. अर्ज नामंजूर झाला, आणि खरं सांगायचं तर तो मंजूर झाला असता तर मलाच आश्चर्य वाटलं असतं. मी मुलांना सांगायचो, पेपर लिहून झाल्यावर आठवलेलं उत्तर मोजत नाहीत.

७. तारखेला ‘काही झालं नाही’ असं कधी म्हणू नये. भिवंडीहून ठाणं पंधरा-सोळा किलोमीटर. पण अंजूरफाट्याला ट्रक अडकले, काशेळीच्या पुलाआधी गोदामांचे कंटेनर आडवे लागले, की ते अंतर पंढरपूरइतकं होतं. आम्ही कोर्ट नाक्यावर धावत पोचायचो आणि पुकारा होऊन गेलेला असायचा. पक्षकार आणि वकील दोघेही गैरहजर म्हणजे अपील गैरहजेरीत निकाली निघण्याची भीती. ते पुन्हा फाइलीवर घेता येतं, पण त्यालाही अर्ज आणि कारण. मॅडम हजर असायच्या म्हणून निभावलं. पुढे मोबाइलवर सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकून तारीख बघायला शिकलो. अप्पांना तर अपिलाचा क्रमांकच पाठ झाला होता. नातवाचा वाढदिवस विसरायचे. तारखा संपल्यावर आम्ही दोघे तलावपाळीला बसून शेंगा खायचो. आयुष्यात अप्पांबरोबर इतका वेळ मी कधीच घालवला नव्हता. मागांच्या खडखडाटात लहानपणी आमचं बोलणं खुणांनी व्हायचं. शांतपणे बोलायला आम्हाला अपील दाखल करावं लागलं.

८. माणूस गेला तरी मुदत थांबत नाही. अप्पा २०१४च्या पावसाळ्यात गेले. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि एक दिवस मॅडमचा फोन, “सर, वाईट वाटून घेऊ नका, पण वारसांची नावं लावायला नव्वद दिवस असतात.” ते चुकलं तर अपील आपोआप संपतं. मग ते उठवायला पुढचे साठ दिवस, आणि वर पुन्हा विलंबमाफी. त्या विषयात तर मी आता पदवीधर होतो. वारस म्हणजे आई, मी आणि दोन्ही बहिणी. धाकटीशी आमचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. कारण इथे सांगण्यासारखं नाही, म्हणजे क्षुल्लक आहे. वकालतनाम्यावर तिची सही हवी म्हणून मी नाशिकला गेलो. तिने पेन घेतलं, वडिलांच्या नावाआधी ‘मयत’ लिहिलेलं पाहिलं आणि रडायला लागली. मीही. सही झाली, जेवण झालं, येताना तिने चिवडा बांधून दिला. दिवाणी प्रक्रिया संहितेत बावीस क्रमांकाचा आदेश या कामासाठी आहे असं कुठे लिहिलेलं नाही. आमच्याकडे तो तसा लागू झाला.

९. तडजोड सहा इंचांवर मोडू शकते. अपील प्रलंबित असताना आम्हाला मध्यस्थीला पाठवलं. एका छोट्या खोलीत एक मध्यस्थ, काका, त्यांचा मुलगा, आई आणि मी. पंचेचाळीस मिनिटांत आम्ही साडेचार फुटांवर आलो आणि ते चार फुटांवर. हातगाडीला चार फूट पुरतात, हे मलाही माहीत होतं. पण मला वाटलं, अप्पांनी सहासाठी दावा लावला, मी चारवर कसा उतरू? काकांना काय वाटलं ते त्यांनाच ठाऊक. तेव्हा जमलं असतं तर लोकअदालतीत त्यावर शिक्का बसला असता, कोर्ट फी परत मिळाली असती आणि वर अपील नाही, सगळं तिथेच संपलं असतं. आम्ही उठलो. बाहेर पडताना काकांनी आईला विचारलं, “वहिनी, रिक्षा बघू का?” ती म्हणाली, “बघा.” खोलीबाहेर ती दोघं मिनिटाभरात जुळली. मी मात्र सहा इंच सांभाळत मागे उभा होतो.

१०. आमचं अपील एका शब्दावर फिरलं, आणि तो शब्द माझ्या विषयातला होता. वहिवाटीचा हक्क सांगायचा तर १८८२च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वापर उघड, शांतपणे, अखंड वीस वर्षं आणि हक्काने झालेला असावा लागतो. परवानगी घेऊन केलेला वापर शंभर वर्षांचा असला तरी त्यातून हक्क उगवत नाही. उलटतपासात अप्पांना विचारलं होतं, बोळातून जाताना प्रतिवादीला विचारत होता का? अप्पांचं उत्तर निशाणीवर मराठीत होतं : “शेजारधर्म म्हणून सांगून जायचो.” खालच्या कोर्टात आमचा लेखी युक्तिवाद इंग्रजीत गेला होता आणि त्यात आमच्याच बाजूने या वाक्याचं भाषांतर झालं होतं, ‘विथ परमिशन’. आमचाच कागद आमच्या विरुद्ध वाचला गेला. तो युक्तिवाद दाखल होण्याआधी मी वाचला होता. दोन स्पेलिंगच्या चुका दुरुस्त केल्या होत्या. ठाण्याच्या मॅडमनी मूळ मराठी जबाब उघडला, बोट ठेवलं आणि मला विचारलं, “सर, ‘सांगून’ आणि ‘विचारून’ एकच का हो?” तीस वर्षं मी वर्गात समानार्थी शब्द शिकवले. नाहीत एक. विचारणारा उत्तराची वाट बघतो. सांगणारा सांगून चालू लागतो. २०१७च्या निकालात या दोन शब्दांवर जेमतेम चार ओळी आहेत. त्यांच्या जोडीला १९७१च्या खरेदीखतातल्या चतुःसीमा होत्या : ‘पूर्वेस सामाईक बोळ’. हे खतही पहिल्या दिवसापासून फाइलीत होतं. मी ट्रंका उपसत बसलो होतो आणि जे हवं होतं ते मी स्वतःच दाखल केलेल्या कागदांत होतं. अपील मंजूर झालं, प्रतिआक्षेप फेटाळले गेले. अप्पांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

११. “सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन!” हे वाक्य भिवंडीत रिक्षाच्या भाड्यावरूनही ऐकू येतं. गावातला दावा दिल्लीपर्यंत गेल्याचा दाखलाही आहे. भिवंडी-निजामपूर नगरपालिका विरुद्ध कैलाश सायझिंग वर्क्स, १९७४. त्या खटल्यात प्रश्न होता ‘सद्भावनेने’ केलेली कृती म्हणजे काय. आणि काहीतरी चुकतंय अशी शंका असूनही जो चौकशी करत नाही तो प्रामाणिकपणाचा आव आणू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. पण तिथवर जाणं ही काही अपिलाची पुढची पायरी नसते. बहुतेक दिवाणी वादांत आधी विशेष परवानगी मागावी लागते आणि ती क्वचित मिळते. दुसऱ्या अपिलाचंही तसंच. काकांनी आमच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात ते केलं. १९७६च्या दुरुस्तीनंतर तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. कुणाच्या साक्षीवर विश्वास ठेवायचा हे पहिल्या अपिलातच सहसा संपतं. सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका जमिनीच्या प्रकरणात १९९९ साली हे पुन्हा बजावलं आहे. मी फोर्टातल्या त्या १८७८च्या दगडी इमारतीत, उंच छताखाली, मागच्या बाकावर बसलो. काकांचे वकील सांगत होते, “‘सांगून’ या शब्दाचा अर्थ लावणं हाच मुळात महत्त्वाचा प्रश्न आहे.” मनातल्या मनात मी मान डोलावली. मराठीचा मास्तर म्हणून मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा होतो! कोर्ट नव्हतं. दहा-बारा मिनिटांत दुसरं अपील दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच फेटाळलं गेलं.

१२. जिंकलेल्या निकालालाही मुदत असते, हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणजे मी विचारलं नाही. हुकूमनामा स्वतःहून चालत येऊन गेट काढत नाही. त्यासाठी दरखास्त करावी लागते. अमुक गोष्ट करा असा हुकूम असेल तर तीन वर्षांत, इतर बहुतेक हुकूमनाम्यांना बारा वर्षं, आणि अडथळा करू नका अशा कायमच्या मनाईला मुदत नाही. ‘गेट काढा’ ही आमची तीन वर्षं केव्हाच मागे पडली. ‘अडवू नका’ ते शिल्लक आहे. दरखास्त का केली नाही? कारण २०१६ मध्येच आठही माग भंगारात, किलोच्या भावाने गेले होते. सूत महागलं, कापडाला भाव नव्हता, नव्या यंत्रांपुढे आमचे जुने माग उभे राहेनात. शेड रिकामी आहे. बोळातून आता बीम येत नाहीत, माझी स्कूटर येते. ज्या रुंदीसाठी सोळा वर्षं गेली त्यातली अडीच फूट मी वापरतो.

गेट अजून तिथेच आहे. उच्च न्यायालयाचा निकाल लागल्यावर महिन्याभराने काकांचा मुलगा आला, चहा घेतला आणि जाताना टेबलावर कुलपाची दुसरी किल्ली ठेवून गेला. हुकूमनाम्यात किल्लीचा उल्लेख नाही. ती मी अप्पांच्या फोटोखालच्या खिळ्याला अडकवली आहे. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत, दिवसभर ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. सकाळी स्कूटर बाहेर काढताना मी आवाज देतो, “काका, जातो हो!” अप्पा द्यायचे तसाच.

काका हात वर करतात आणि रोज तेच म्हणतात, “अरे, विचारतोस काय? जा की!”

काका, विचारत नाही, सांगतोय, असं जिभेच्या टोकापर्यंत येतं. मी किक मारतो.